नळीतली पेरणी

आमच्या दवाखान्याच्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई बुरशीवर संशोधन करायच्या. दारात चपला काढल्याशिवाय कुणाला आत घेत नसत, तिथल्या काचेच्या नळ्या धुणाऱ्या मलाही नाही. रोज सकाळी नळीपाशी वाकून विचारायच्या, “उगवलीस का गं?” मला वाटायचं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

मग साखरेचा आजार असलेली माझीच आई नाकात काळी खपली घेऊन वॉर्डात ग्लानीत पडली. बाईंनी त्या खपलीचा कण नळीत पेरला. एका दुपारी नळीत कापसासारखी पांढरी बुरशी उगवलेली दिसली, तशा बाई नेमकं औषध सुरू करायला उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणीच वॉर्डाकडे पळाल्या. त्या खाटेपाशी पोचल्या, तेव्हा आईचे अर्धवट मिटलेले डोळे त्यांच्या पायांवर होते.

बऱ्याच दिवसांनी आईची ग्लानी उतरली. डोळे उघडून म्हणाली, “त्या बाईच्या चपला नेऊन दिल्यास का? पाय लई पोळले असत्याल की!”