चिंगीच्या पोटातलं पाणी

दुपारी शटर अर्ध्यावर ओढून डॉ. कल्याणी ढमाले तपासणीच्या टेबलामागच्या बाकावर आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावते आणि चप्पलसुद्धा काढत नाही.

साताऱ्यातल्या तिच्या या दवाखान्यात कुत्री-मांजरं येतात, क्वचित एखादा पोपट. आज कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात गिनीपिग आहे. चिंगी तिचं नाव. दोन ओंजळींत मावेल एवढी, तपकिरी-पांढरी, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळून आतली गुलाबी कातडी दिसतेय. तिच्या दोन्ही अंडाशयांत पाण्याच्या गाठी झाल्यात. कल्याणीने सुई घालून ते पाणी याआधी दोनदा काढलं. दोन्ही वेळा चिंगी हलकी झाली, शिट्ट्या मारत कोथिंबीर खाऊ लागली, आणि दोन्ही वेळा पोट पुन्हा टम्म झालं. हार्मोनचं इंजेक्शन देऊन पाहिलं. या प्रकारच्या गाठींवर ते चालत नाही. आज सकाळी पुन्हा सुईच घातली.

खरा उपाय एकच उरलाय. पोट उघडून अंडाशय आणि गर्भाशय काढून टाकायचं. कुत्री-मांजरांची ही शस्त्रक्रिया कल्याणी डोळे मिटून करेल. पण मागच्या वर्षी तिने एका गिनीपिगची केली होती. टाके छान बसले, जनावर शुद्धीवर आलं, घरी गेलं, आणि तिथे खायचंच सोडून मेलं. तेव्हापासून एवढंसं पोट समोर आलं की तिचा हात सुरीकडे जात नाही, सुईकडे जातो.

चिंगीची मालकीण यास्मिन मुजावर घरीच ब्लाउज शिवते. घरात दुसरं कुणी नाही. दिवसभर शिलाई मशीन चालतं आणि चिंगी पायडलाशेजारच्या टोपलीत बसून असते. सकाळी तिला सोडून जाताना यास्मिन दारात थांबली होती.

"डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते करू," ती म्हणाली. "पण एक काहीतरी म्हणा."

चार वाजता ती येणार आहे.

पंखा फिरतोय. पिंजऱ्यात चिंगी वाळलं गवत चघळतेय. कुरकुर, कुरकुर. कल्याणी ते ऐकत राहते. चघळणं हळूहळू संथ होतं, जड होतं, मग ते रवंथ केल्यासारखं वाटू लागतं. बाक अरुंद झालाय. ती कुशीवर वळायला जाते तर वळता येत नाही. डाव्या अंगाला लोखंडी पाइप, उजव्या अंगाला लोखंडी पाइप. कमरेमागे एक आडवा दांडा, छातीशी दुसरा.

ती उभी आहे. गाई-म्हशींना उपचारासाठी अडकवतात त्या खोड्यात उभी आहे, आणि हे आप्पांच्या सरकारी दवाखान्याचं अंगण आहे.

आप्पा बादलीपाशी खांद्यापर्यंत हाताला साबण लावतायत. तिचे वडील, जन्मभर जनावरांचे डॉक्टर. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, हे तिला ठाऊक आहे, पण त्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांचं पोट सपाट दिसतंय याचं.

"कधी व्यालीय?" ते विचारतात.

"गाय नाही, आप्पा. गिनीपिग आहे."

"ते काय असतं?"

"सशासारखं. बिनशेपटीचं."

आप्पा आपल्या साबण लावलेल्या लांब हाताकडे बघतात. "मग ह्या हाताचा काय उपयोग न्हाई," म्हणतात, आणि तरीही धूत राहतात. गाईच्या अंडाशयावर गाठ असली की आपण हात घालून चाचपायचो, इंजेक्शन द्यायचो, महिन्या-दोन महिन्यांत गाय माजावर यायची, असं ते सांगू लागतात. किती गावांतल्या किती गाई, त्यांची नावंसुद्धा. कल्याणीच्या छातीवरचा दांडा दाबायला लागलाय.

"आप्पा, मला सोडा आधी."

"आधी केस सांग. जनावर खोड्यात असेस्तोवरच बोलून घ्यायचं. सोडलं की पळतंय."

ती सांगायला लागते. सुई घातली, पाणी काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. बोलता बोलता अंगण नाहीसं होतं आणि साबणाच्या वासाच्या जागी फिनेलचा वास येतो. तिच्या दोन्ही अंगांचे पाइप आता खाटेचे कठडे झालेत. भिंत आणि खाट यांच्या फटीत ती खुर्चीशिवाय बसलीय, गुडघे हनुवटीला टेकलेत, आणि खाटेवर आप्पा निजलेत, पोट घागरीएवढं. पोटातून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलीत गेलीय. पिवळं पाणी थेंब थेंब पडतंय. आप्पांच्या शेवटच्या दिवसांतला हा तोच वॉर्ड, तीच खिडकी, जिच्यातून फक्त पाण्याची टाकी दिसायची.

"भरली का बाटली?" आप्पा विचारतात.

"भरत आली."

"चला. दोन रात्री झोप लागंल. मग हायेच परत."

हे ते तेव्हाही असंच म्हणायचे, हसत. तेव्हा ती बाटली बदलायला नर्सला हाक मारायची. आताही तिला हाक मारायचीय, पण छाती गुडघ्यांत दाबली गेलीय, आवाज फुटत नाही.

"दुखायचं का तुम्हाला?" ती कसंबसं विचारते.

"सुई न्हाई दुखायची. पोट परत भराया लागलं की कळायचं. ते दुखायचं."

थेंब पडत राहतात. आप्पा छताकडे बघत म्हणतात, "मला दुसरा इलाज नव्हता, पोरी. लिव्हर गेलेलं, हृदय बी कमजोर. डॉक्टर तरी काय करणार? तुझ्या जनावराला हाय इलाज."

ती मान हलवते. हो की नाही, तिचं तिलाच कळत नाही. मान हलवताना गालाला तार घासते. ही पिंजऱ्याची जाळी आहे. खाली गवत आहे, आणि तिच्या शेजारी, तिला भिंतीशी चेपून, चिंगी बसलीय, म्हशीच्या रेडकाएवढी, गरम, धापा टाकत. तिचं फुगलेलं पोट प्रत्येक श्वासाला कल्याणीला आणखी थोडं दाबतं. बाहेर जाळीपलीकडे आप्पांचा चेहरा.

"ते आधीचं जनावर कशानं गेलं?" ते विचारतात. अगदी दवाखान्यात शेतकऱ्याला विचारायचे तसं. "टेबलावर गेलं?"

"नाही. नंतर. खायचं बंद केलं."

"मग तू सुरीला का भितीस?"

गेले कित्येक महिने हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिने स्वतःही नाही.

"ह्यांचं पोट रिकामं ऱ्हाता कामा नये," आप्पा म्हणतात. "खाणं थांबलं की आतडं थांबतंय, आन् आतडं थांबलं की संपलं. दुखू द्यायचं न्हाई आन् घास भरवायचा. तिनं तोंड फिरवलं तरी भरवायचा. रात्रीसुद्धा. जवळ बसून."

"आणि तरी गेली तर?"

चिंगीचा श्वास मोठा होतो, आणि कल्याणीच्या छातीत हवा मावेनाशी होते.

"तर गेली," ते म्हणतात. "आत्ता पण ती जातीयच की. तू दर खेपंला हलकी करतीस, म्हणून तुला दिसत न्हाई."

तिला रडू येतं, पण रडायलाही जागा नाही. आप्पा जाळीला बोटं लावतात. "हात कर इकडं," म्हणतात. तिचा हात चिंगीच्या कुशीखाली अडकलाय. ती ओढते, खांद्यातून ओढते, मनगट सुटतं, बोटं तेवढी जाळीच्या भोकातून बाहेर जातात. त्यांची बोटं तिच्या बोटांना लागतात. ओली, साबणाची, खरखरीत. ते तिची मूठ मिटवतात, आपल्या हाताने दाबून धरतात, आणि लोखंड खडखडतं.

शटर खडखडतं. "डॉक्टर, आहात ना आत?"

कल्याणी बाकावर उठून बसते. घामाने पाठ भिजलीय, उजव्या खांद्यात कळ आहे. यास्मिन वाकून आत येते, ओढणी सारखी करते आणि आधी पिंजऱ्याशी जाऊन चिंगीला बघते, मग तिच्याकडे वळते. जे विचारायचं ते सकाळीच विचारून झालंय.

"उद्या सकाळी ऑपरेशन करू," कल्याणी म्हणते. "उपाशी आणू नका. पोटभर खायला घालून आणा."

"वाचेल?"

"सांगता येत नाही. भूल देण्यातच धोका आहे. पण झाल्यावर मी तिला इथेच ठेवणार, माझ्याजवळ. सिरिंजने भरवावं लागेल. तुम्ही पण या."

यास्मिन मान डोलावते. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जात नाही, पण ती स्टूल ओढून बसते, जणू आत्तापासूनच थांबणार आहे.

तेव्हा कल्याणीच्या लक्षात येतं, आपली उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. बोटं आखडलीत. ती दुसऱ्या हाताने एकेक सोडवते. तळव्यावर घासाची एक कोवळी काडी आहे, म्हशींना घालतात त्या हिरव्या घासाची, तीन-तीन पानांची, नुकती कापल्यासारखी. देठ ओला आहे.

"हा घास कुठनं आणला, डॉक्टर?" यास्मिन विचारते.

कल्याणी पिंजऱ्यापाशी उकिडवी बसते आणि काडी जाळीतून आत धरते. चिंगी नाक उडवते, पुढे सरकते, पान दातांत पकडते आणि ओढते. एवढ्याशा जीवाच्या मानाने ओढ चांगलीच जोरात आहे.