चार दिवसांचा स्लॅब

प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले. सावकाशकाकांचे मात्र वर लागलेले होते. डोक्यावर चार इंच जाडीचा स्लॅब, खाली दाटीवाटीने उभी असलेली पस्तीस माणसं, आणि स्लॅबच्या मधोमध केसाएवढी चीर. काल संध्याकाळी ती नव्हती.

सावकाशकाका हे नाव त्यांना त्यांच्याच मजुरांनी दिलेलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण एक वीट घाईने लावली नाही. "सावकाश, घर पळून जात नाही," हे दिवसातून वीसदा ऐकावं लागायचं. बायको म्हणायची, "तुम्ही स्वर्गाच्या दारालाही आधी ओळंबा लावाल, मगच आत जाल." असा माणूस घाई करतो, आणि तीही देवाच्या कामात, तेव्हा दोष कुणाला द्यायचा?

त्यांच्या चर्चने यंदा सेवेसाठी दौरा काढला होता. दोन आठवडे, एक बस, बावीस जण, आणि डोंगरउतारावरच्या वस्तीत पत्र्याखाली राहणाऱ्या तीन कुटुंबांना एकेक पक्की खोली. बावीस जणांत थापी धरलेला हात एकच. बाकी कुणी बँकेत, कुणी शाळेत. उत्साह उतू जात होता, पण भरलेलं घमेलं तान्ह्या मुलासारखं पोटाशी धरायचे. काकांनी त्यांना सगळं शिकवलं आणि ती शिकलेली माणसं मान डोलावत शिकली. पाळकसाहेब रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत काकांसाठी देवाचे आभार मानत. ज्यांची घरं काकांनी आजवर बांधली, त्यांतल्या एकानेही घर झाल्यावर त्यांना पुन्हा आत बोलावलं नव्हतं. त्यामुळे ते आभार काकांना फार गोड लागत.

तिसऱ्या खोलीचं सिमेंट उशिरा आलं. स्लॅब ओतला मंगळवारी, आणि बस परत निघणार होती रविवारी. शुक्रवारी पाळकसाहेब ओल्या स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्यांमधून वाकून आत आले.

"काका, रविवारची प्रार्थना याच खोलीत करू. किल्ली इथेच देऊ. पण या जंगलात उभं कुठे राहायचं? उद्या निघतील ना बल्ल्या?"

उत्तर सोपं होतं. पंधरा दिवस. थंडी पडली होती, तेव्हा वीस. निघताना बायकोने बजावलंही होतं, "कुणी कौतुक केलं की तुम्ही हरभऱ्याच्या झाडावर चढता. जपा." काका केव्हाच चढून बसले होते.

"निघतील," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी बल्ल्या निघाल्या, फळ्या निघाल्या. स्लॅब जागच्या जागी राहिला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हातोडीच्या दांड्याने वर ठोकून पाहिलं. टणक आवाज यायला हवा होता, आला तो बद्द. त्यांनी स्वतःला समजावलं की खोली रिकामी आहे म्हणून तसं वाटतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. किल्ली रविवारी मिळायची असली तरी त्या रात्रीपासूनच त्या खोलीत एक विधवा, तिची सासू आणि दोन लहान मुली झोपणार होत्या.

आणि आता ही चीर. ती पाहिल्यापासून काका श्वाससुद्धा बेतानेच घेत होते. बोलावं तर चाळीस वर्षांची अब्रू पाण्यात. न बोलावं तर? समोर धाकटी मुलगी आईच्या मांडीला बिलगून प्रार्थनेनंतरच्या गाण्याची वाट बघत होती. तेवढ्यात वरून पावलं वाजली. बँकेतला कॅशियर फोटो काढायला शिडीने स्लॅबवर चढला होता. बारीकशी वाळू काकांच्या मनगटावर पडली.

"आता आपले काका साक्ष देतील," पाळकसाहेब म्हणाले. "देवाने त्यांच्या हातून काय घडवलं ते सांगतील."

ओरडलं तर माणसं पळतील, वरचा उडी मारेल. म्हणून आवाज जमेल तितका शांत ठेवून काका बोलले.

"सगळ्यांनी बाहेर चला. सावकाश. ढकलाढकली नको. मुलींना आधी न्या. कॅशियरसाहेब, खोलीच्या मध्ये येऊ नका, भिंतीच्या कडेकडेने शिडीवर या."

माणसं बाहेर पडली. अंगणात काका सगळ्यांसमोर उभे राहिले.

"पंधरा दिवसांनी काढायच्या बल्ल्या मी चौथ्या दिवशी काढल्या. मला माहीत होतं. तुम्ही माझं नाव घेत होतात, म्हणून नाही म्हणवलं नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "काका, मी घाई केली..."

"तुम्हाला कळत नव्हतं. मला कळत होतं."

मग काका एकटे आत गेले. पहिली बल्ली चिरेखाली लावताना पाचर त्यांच्या हातून दोनदा सुटली. स्लॅबखाली ते चाळीस वर्षं उभे राहिले होते, पण इतकं भ्यायले नव्हते. मधली ओळ लागल्यावरच त्यांनी मदतीला माणसं बोलावली.

बस दुपारी गेली. काका गेले नाहीत. बायकोला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "स्वेटर आहे ना जवळ?"

संध्याकाळी म्हातारी सासू पाणी घेऊन आली. काका तिच्याकडे बघू शकले नाहीत.

"आजी, काल रात्री तुम्ही सगळे त्याखाली झोपलात."

"कोण झोपलं? आम्ही पत्र्याखालीच होतो."

काकांनी मान वर केली.

"मिस्त्री, काल सगळे भिंती बघत होते, रंग बघत होते. तुम्ही एकटेच वर बघत होतात. मी सुनेला म्हटलं, पोरींना आत नेऊ नकोस."

"मग बोलला का नाहीत?"

"धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात. फुकट घर देणाऱ्याला काय म्हणणार, छत बरोबर नाही म्हणून? तुम्ही गेल्यावर आम्ही तिथे नुसती जळणाची लाकडं ठेवली असती."

काकांना तो पेला तोंडाला लावता येईना.

वीस दिवस ते वस्तीत राहिले. रोज स्लॅबला पाणी मारलं, रोज चिरेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली. चीर खुणेपुढे सरकली नाही. एकविसाव्या दिवशी बल्ल्या काढल्या, दांड्याने कोपरान् कोपरा ठोकला. मग रिकाम्या खोलीच्या मधोमध सतरंजी टाकून ते आडवे झाले. भीती गेली नव्हती. पण त्यांनी डोळे मिटले, आणि वीस दिवसांचा थकवा असा आला की भर दुपारी त्यांना झोप लागली.

म्हातारी दारात उभी होती. तिने स्लॅबकडे पाहिलंच नाही. झोपलेल्या काकांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, मग मागे वळून सुनेला म्हणाली, "पोरींची अंथरुणं आण."