दोन कानांचा बोल्ट

आजोबांच्या मागं दोन जुन्या रायफली राहिल्या. उसात रानडुकरं शिरतात म्हणून परवाने होते. वाटणीत एक वडलांकडं आली, दुसरी धाकट्या चुलत्यांकडं. दोन्हींना एकाच मापाचं काडतूस बसायचं. पण वडलांची रायफल फार जुनी. तिच्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागं अडसर होणाऱ्या लोखंडी दांड्याला, अडकायला एकच कान होता. चुलत्यांच्या बोल्टला दोन. मांडवगण फराट्याच्या आमच्या ओट्यावर दोघं बोल्ट शेजारी ठेवून वाद घालत. वडील म्हणत, जुनं लोखंड अस्सल. चुलते नुसते हसत.

पुढं ती काडतुसं दुकानात मिळेनाशी झाली. चुलते रिकाम्या पुंगळ्या घरीच, चोरून भरू लागले. त्यांची दोन कानांची रायफल सोसते म्हणून बंदुकीची दारू वाढवत गेले. त्यातलीच काही त्यांनी वडलांना दिली. माझ्या रायफलीला चालतील का, असं वडलांनी विचारलं.

"न चालायला काय झालं, दादा? तुमचं लोखंड अस्सल हाय ना?"

एवढ्यावर वडलांनी काडतुसं खिशात टाकली आणि भर दुपारी नदीकाठच्या उसात बार काढला. बोल्टचा एकुलता कान तुटला. बोल्ट मागं उडून त्यांच्या तोंडावर आला.

मी कुरकुंभला कंपनीत होते. दौंडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा वडलांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि चुलते त्यांच्या कानाशी वाकलेले होते. "घरी भरलेलं म्हणू नका. माझं लायसन जाईल." पोलीस आल्यावर वडलांनी सांगितलं, पेटीत पडलेलं जुनं काडतूस होतं. वडलांचा डोळा गेला, परवानाही गेला. चुलत्यांचं काहीच गेलं नाही.

परवा चुलत्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. पाहुण्यांना रायफल दाखवत ते म्हणाले, दादाची बंदूकच म्हातारी होती, भरण्यात खोट नव्हती. वडील मान हलवत म्हणाले, "व्हय, ही मजबूत हाय."

आई ताटावरून उठली. "डोळा ह्यांचा गेला, भावजी, आन् कवतिक तुमच्या बोल्टाचं." घरी आल्यावर वडील तिच्यावर चिडले. चार माणसांत भावाला बोललीस, म्हणाले. अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. चुलत्यांचा मात्र फोन आला की हातातलं काम टाकून जातात.