बेंबीवरची नऊवार

तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास आला की माझा हात आपोआप बेंबीवर जातो. एंडोमेट्रिऑसिससाठी, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या दुखण्यासाठी, माझं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. तीन इवल्या जखमांपैकी दोन पटकन भरल्या, बेंबीतली मात्र महिना झाला तरी ओलीच. आता सुकली नसेल तर ती पुन्हा उघडून बघावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तरी तपासणीच्या दिवशी मी राणीच्या थाटात टेबलावर आडवी झाले. नर्स पोटावरचं कापड सोडायला लागली, तर ते संपेचना! सासूबाईंची जुनी, मऊ नऊवार होती ती. पोटाचं दुखणं म्हणजे बाळंतपण, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून रोज सकाळी त्या माझं पोट करकचून बांधायच्या आणि डिंकाचा लाडू भरवायच्या. मला मूल नव्हतं, आता होणारही नव्हतं. ते लाड मला हवेच होते, म्हणून मीही गुपचूप बांधून घ्यायची. "अहो आजी," डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या सासूबाईंना म्हणाल्या, "आम्ही मुगाएवढं भोक पाडलं, तुम्ही त्यावर कापडदुकान थाटलंत! हवा कुठून लागणार? आजपासून बांधणं बंद. आठवडाभर वाट बघू." घरी येताना रिक्षा बिबवेवाडीत शिरेपर्यंत सासूबाई त्या नऊवारीच्या घड्या घालत होत्या. संपलं माझं बाळंतपण, असं मी मनाशी म्हणतेय, तोच त्या हळूच म्हणाल्या, "लाडवांना काही नाही म्हणाल्या ना त्या?" जखम आठ दिवसांत खडखडीत सुकली. लाडू अजून चालू आहेत. फक्त आता वळते मी आणि भरवून घेतात त्या.