पांढरीचं सोनं

माझे सासरे महारुद्र सत्तरीला टेकले तरी एक दिवस घरी बसले नाहीत, आणि मला त्यांचा राग होता तो नेमका याचाच. चार म्हाताऱ्यांत पारावर तंबाखू मळत बसले असते तर माझा संसार सुखाचा झाला असता, असं मला वाटे. गाव मात्र त्यांचं कौतुक करायचं. माणूस कसा खुटखुटीत आहे, काठी नाही, चष्मा नाही. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचं गाव ढोकीपासून पायी तासाभरावर, तेरणेच्या काठी. गावाला लागून पांढरीची टेकाडं आहेत. कधी काळी तिथं मोठी वस्ती होती म्हणतात. आता लोक घर लिंपायला तिथली माती आणतात. पावसानं माती धुपली की त्यात मणी दिसतात, खापरं दिसतात, आणि ज्याची नजर शाबूत आहे त्याला एखाद्या वर्षी सोन्याचं नाणं दिसतं. मामंजींची नजर शाबूत होती. उजाडता उजाडता धोतराचा काचा मारून निघायचे, कंबरेत वाकून सगळी टेकाडं पायाखाली घालायचे आणि न्याहारीला परत. वीस वर्षांत सात नाणी मिळाली. कागदासारखी पातळ. विकली नाहीत, मोडली नाहीत. हा निजामाच्या अमलातला, फसली तेराशे पन्नासच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशे चाळीसच्या आसपासचा काळ. सापडलेलं सोनं सरकारजमा करायचं असा हुकूम होता म्हणे; पण अंमलदाराला आपण होऊन काही दाखवायचं नाही, एवढं गावात सगळ्यांनाच कळत होतं. सासूबाईंच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात ती नाणी ठेवायचे आणि दुपारी ओसरीवर बसून एकेक तळहातावर घेऊन बघायचे. एकावर मोठ्या नाकाचा कुणी राजा होता. त्याला ते नाकाडा म्हणायचे.

जमिनीतलं धन लाभत नाही, ज्याच्या घरात जातं त्याचा वंश बुडतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. माझी तीन मुलं गेली. एकानंही महिना ओलांडला नाही. तिसऱ्या वेळी शेजारच्या सिताबाई माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "अयोध्या, घरात काय हाय ते तुला ठावं हाय. आमी काय सांगावं?"

मी मामंजींना तोंडावर सांगितलं, "ती नाणी आधी घराबाहेर काढा."

"सोन्यानं कुणी मरत न्हाय, पोरी," ते म्हणाले आणि करंडा उचलून आत नेला.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची तीही ताटात आदळून. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा मात्र नुसत्या अबोल्यानं भागणार नव्हतं. हे लेकरू मला जगवायचं होतं. उपाय सिताबाईंनीच सांगितला. असलं सोनं वितळवून त्याचा टाक केला, म्हणजे देव्हाऱ्यात पूजेला ठेवतात तो देवीची मूर्त उमटवलेला पत्रा केला, की दोष जातो.

मामंजी लेकीकडं कळंबला गेले तशी मी भावाला गाडी जुंपायला लावली आणि करंडा घेऊन धाराशिव गाठलं. सोनारानं नाणी उलटीपालटी करून बघितली. "बाई, लई जुनं दिसतंय. घरात इचारलंय न्हवं?"

"इचारलंय," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही. सातही नाणी माझ्यासमोर मुशीत पाणी झाली. तुळजाभवानीचा टाक झाला, अंगठ्याएवढा. घरी आणून, पूजा करून तो देव्हाऱ्यात बसवला.

मामंजी परत आले आणि दुपारी त्यांनी करंडा उघडला.

"कुठं गेली?"

"देव्हाऱ्यात."

ते आत जाऊन टाकासमोर उभे राहिले. देव झालेलं सोनं परत कोण मागणार? त्यांनी हात जोडले. मला इतका आनंद झाला की आता सांगायला लाज वाटते. मग त्यांनी हळूच विचारलं, "नाकाडा बी?" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टेकाडावर गेले.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं. एकोणिसाव्या दिवशी गेली.

मालक भिंतीकडं तोंड करून बसले. आधीच्या तिन्ही वेळी असेच बसले होते. चारही वेळा लेकराला उचलून नदीकाठी नेलं ते मामंजींनी. या वेळीही, बहात्तराव्या वर्षी, स्वतः कुदळ चालवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. परत येऊन पाय धुतले आणि माझ्याकडं न बघता आत गेले. 'बघितलंस?' एवढं जरी म्हणाले असते तरी मला भांडायला मिळालं असतं. त्यांनी तेवढंही दिलं नाही, आणि मला ते आणखीच नकोसे झाले.

दोन वर्षांनी मला परत दिवस राहिले. पाचवा महिना होता. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, तेवढ्यात ते टेकाडावरून आले आणि माझ्यापुढं एक नाणं ठेवलं. त्याला अजून माती होती.

"घे," ते म्हणाले. "हेबी वितळव. म्या काय म्हणणार न्हाय."

मी ते सोनाराकडं नेलं नाही. मन मोठं झालं म्हणून नव्हे, खरं सांगते. हेही वितळवलं असतं आणि तरीही पोटातलं गेलं असतं, तर मग मी राग कुणाचा केला असता? पिठाच्या हातानंच नाणं उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"तुमचं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.