दोन मिनिटांचं ठेसन

"गाडी काई पळून नाई राहिली वं, खा निवांत!" असं म्हणत फलाटावरची ठेलेवाली मावशी आलूबोंड्यासोबत न मागता आणखी एक तळलेली मिरची ठेवायची. गाडी खरंच पळत नसे. गोंदियाहून येणारी मेमू तेव्हा त्या ठेसनापर्यंतच यायची, चाळीस मिनिटं उभी राहायची आणि आल्या वाटेनं परत जायची. त्या चाळीस मिनिटांवर मावशीचं घर चालायचं.

तुम्हीही रोजच्या प्रवासात असं माणूस पाहिलं असेल. नाव कुणाला ठाऊक नसतं, पण एक दिवस दिसलं नाही तर अख्खा डबा चौकशी करतो. मावशी अंगानं ठेंगणी, आवाज मात्र भोंग्याच्या तोडीचा. तिकीटबाबूशी हिंदीत भांडायची, भाजीवाल्या बायांशी पोवारीत आणि चुलीशी झाडीबोलीत. "पेट ना वं, काऊन रुसून राहिली?" की चूल पेटायची.

मी वैनगंगेच्या काठच्या गावची. गोंदियात एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. घरून ठेसनापर्यंत स्कुटीनं, पुढे मेमूनं. काठची गावं वाढत होती. पण ठेसन लांब; घरात दुचाकी एकच असली की ती बापाच्या कामाला जायची आणि पोरगी बारावीनंतर घरी बसायची. मालगाडीचे रूळ नदीकाठापर्यंत होतेच. मेमूही तिथवर न्या, असा अर्ज आम्ही लिहिला.

सह्या घेत मी फलाटभर फिरले. मावशीचा ठेला तेवढा टाळला.

"काऊन वं पोरी, सगळ्यायले मांगतेस, मलेच काऊन नाई?"

मी चाचरत सांगितलं, "मावशी, गाडी पुढं गेली तर इथं दोनच मिनिटं थांबेल."

तिनं बोंडे उलटवले. मग हात पदराला पुसून कागद ओढला. "मी त्याच काठची आहो. सातवीत होती मी. पुढची शाळा लांब, वाट नाई, तं बापानं बसवलं घरी. दे तो पेन."

तिनं सही केली. गोल, ठसठशीत, शाळकरी अक्षरात पूर्ण नाव. वाचायला गेले तर म्हणाली, "बोंडा थंडा होऊन राहिला."

सहीला दोन वर्षं झाली आणि गाडी खरंच पुढं गेली. इंजिनाला हार, आमच्या गावात पेढे. इकडे मावशीनं पुडके आधीच बांधून ठेवले होते. गाडी थांबली तशी ती खिडकी-खिडकीशी धावली. एकाच्या हातात बोंडे पडले, चटणी दुसऱ्याला गेली, आणि चहाचे चार स्टीलचे गिलास थेट नदीकाठी पोचले. दुसऱ्या दिवशी मी ते पिशवीतून परत आणले, तर हसून हसून तिला ठसका लागला. "माझ्या आंधी माझे गिलासच मायेरी जाऊन आले!"

पण गुडघे हसत नव्हते. पावसाळा सरता सरता धावणं थांबलं. एकदा ती शेवटच्या ठेसनापर्यंत जाऊनही आली. तिथं आमच्याच गावच्या दोघी जावांनी ठेला टाकला होता. मी म्हटलं, "तुम्ही बाजूला लावा की." ती म्हणाली, "कायले? त्यायनं आत्ता कुठं चूल मांडली."

मग कळलं, गोंदियाजवळच्या कुडव्यात एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालंय.

निघाली त्या सकाळी ती आमच्याच डब्यात चढली. एका हातात बोचकं, कमरेवर मोठी कढई. जागा नव्हती. समोरच्या बाकावर आमच्या गावच्या दोन पोरी मांडीवर वह्या घेऊन परीक्षेचं घोकत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मावशी कोण, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी सांगायला तोंड उघडलं, तोच मावशीनं माझं मनगट दाबलं.

"वाचू दे."

गोंदियापर्यंत ती उभीच आली. गाडी थांबली, पोरी वह्या छातीशी धरून धावत सुटल्या. मावशी सावकाश उतरली आणि कढई डोक्यावर पालथी घेतली. पुलाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीत ती ठेंगणी बाई केव्हाच दिसेनाशी झाली. कढईचं काळं बूड तेवढं थोडा वेळ वर वर जाताना दिसत राहिलं.