बाबांचं ‘दूर’

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर चेष्टा केली. शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यात घर ख्रिस्ती... असल्या गोष्टींना आमच्याकडे थाराच नव्हता. पण हे माझ्याच घरात, भरदुपारी घडलंय, म्हणून सांगते.

नगर, बहात्तरच्या दुष्काळाचं साल. सावेडी तेव्हा नुसता माळ होता, त्याच्या कडेला आमच्या दोन खोल्या. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या वेल्सच्या सिस्टरबाईंनी मायदेशी परतण्याआधी त्यांना आपल्या भाषेतलं एक भक्तिगीत शिकवलं होतं. रविवारी जेवणं झाली की आम्ही चौघं ते म्हणायचो – आई, ताई आणि मी वरच्या सुरात, खाली बाबांचा खर्ज. अर्थ कुणाला ठाऊक! एकच शब्द ओळखीचा वाटायचा – ‘दूर’. तो आला की ताई आणि मी हात लांब करून खिदळायचो. अर्थ विचारला तर बाबा नुसते हसायचे, “सिस्टरबाई आल्या की त्यांनाच विचारा.”

दुष्काळाच्या दोन वर्षं आधी, सत्तर साली बाबा गेले. शेवटच्या दुपारी आई उशाशी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, “दूर... दूर...” आई उठली आणि उंबऱ्यापाशी जाऊन बसली. परत आत गेली तेव्हा सगळं संपलं होतं.

तेव्हापासून तिनं गाणं सोडलं. “गावानं जन्मभर दूर हो म्हटलं, ते सोसलं. पर शेवटाला त्यांनी बी म्हणावं व्हय गं?”

तर ती मे महिन्यातली दुपार. टँकर आला नव्हता, माठात तळाला तांब्याभर पाणी. ताई गहू निवडता निवडता ते गीत गुणगुणू लागली. मी सूर धरला... आणि आतल्या खोलीतून खर्ज लागला. बाबांचा! तोच, ओळीच्या शेवटी दम तुटणारा. ताईच्या सुपातले गहू सांडले. आम्ही गप्प झालो तरी आवाज चालूच. ‘दूर’पाशी आला की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. तीनदा!

मी ताईला बिलगले. आई मात्र उठली, माठातून फुलपात्र भरलं आणि आत नेऊन बाबांच्या खाटेपाशी ठेवलं. आवाज बंद झाला. खोलीत कुणीच नव्हतं.

मी भीतीनं चिडलेच. “अगं, प्यायला पाणी नाही आणि तू...”

“मला न्हाई म्हाईत. तहानलेल्या माणसाचा आवाज हुता.”

त्या नाताळाला सिस्टरबाई पाहुण्या म्हणून आल्या. बाबांच्या फोटोकडे बघत तोडक्यामोडक्या मराठीत सांगू लागल्या, “दवाखान्यात पहिला दिवस. मी म्हटलं, दूर! हा चार पावलं मागे गेला, मान खाली. मला समजेना. मग ग्लास दाखवला. आमच्या भाषेत दूर म्हणजे पाणी! नंतर रोज मी दूर म्हणे, हा हसत पाणी आणे.”

आईनं तोंडात पदर कोंबला. “मला लांब न्हवतं केलं गं त्यांनी... पाणी मागत हुते. आन् मी उठून गेले!”

“आई, दिलंस ना तू पाणी. मे महिन्यात.”

तिनं तोंडातला पदर काढला. “व्हय... दिलं.”

त्या रविवारी ती दोन वर्षांनी गायली. ‘दूर’ आलं की थांबून आत बघायची.

आवाज पुन्हा कधीच आला नाही. तो कुठून आला होता, आणि शब्दाचा अर्थ कळायच्या आधी आईला पाणी कसं सुचलं, मला आजही सांगता येत नाही. आई गेली, ताई गेली. रविवारी मी एकटीच गाते, खाटेपाशी भरलेलं फुलपात्र ठेवते आणि खालच्या सुराची वाट बघते.